डबे नकोत, हात हवेत

ओटासम्राज्ञी

गेल्या वर्षअखेरीच्या पार्टीनंतर लगेच बोलणार होते, पण तेव्हा इतकी दमले होते की नुसती चिडचिड झाली असती. या वर्षीची आखणी सुरू झालीय आणि यादीवालीने "कोण काय आणणार?" असं पुन्हा विचारलंय, म्हणून आत्ताच सांगते. माझ्या घरी जमायचं असेल तर कोणीही पदार्थ आणायचा नाही. जेवण मी करीन. ज्या वर्षी झेपणार नाही त्या वर्षी बोलावणार नाही.

गेल्या वेळी आपण १४ जण होतो. साडेआठच्या सुमारास सहा डबे आले आणि सहाही जण एकच वाक्य म्हणाले, "फक्त दोन मिनिटं गरम करून घे." माझ्याकडे मायक्रोवेव्ह एक, शेगडीला बर्नर चार, त्यातल्या दोनांवर माझंच काहीतरी. फ्रिजमधून निघालेला दोन किलो रस्सा दोन मिनिटांत कडेला चटका देतो आणि मधोमध गारच राहतो. मग ढवळा, परत ठेवा, परत ढवळा. नऊ ते साडेदहा मी ओट्यापाशी उभी, स्वतःच्याच घरात दुसऱ्यांचं अन्न गरम करत. बाहेरून हसण्याचा आवाज आला की हात पुसत जायचे, "काय झालं, काय झालं?" तोवर विनोद शिळा.

गोड आणलं तिघांनी. भात कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा आणेल. लतीफने कागदी रुमालांचं पाकीट आणलं आणि त्यालाही पदार्थ म्हणाला.

चार डबे अजून माझ्या कपाटात आहेत. एकाला झाकणच नाही. ज्याचे असतील त्याने न्यावेत.

यादीवाली

यात डब्यांचा काय दोष? "काहीही आण गं" असं तूच म्हणाली होतीस. काहीही आण म्हटलं की लोक काहीहीच आणतात. यजमानाने नेमकं सांगायला हवं: तू सॅलड, तू भात, तू फळं. आणि नियम एकच, जे आणाल ते खोलीतल्या हवेला ठेवूनच चांगलं लागणारं असावं. गरम करावं लागणारं सगळं यजमानाच्या घरचं. एवढं पाळलं असतं तर तुझ्या मायक्रोवेव्हपाशी रांग लागली नसती.

दुसरं म्हणजे, तू सगळं करतेस तेव्हा काय होतं तेही आम्ही पाहिलंय. त्याच्या आदल्या वर्षी तू एकटीने नऊ पदार्थ केले होतेस. तीन दिवस राबलीस, आणि त्या रात्री तुझा चेहरा बघून आम्हाला घास उतरेना. "वाढू का अजून?" हे तू असं विचारत होतीस की नाही म्हणायची भीती वाटावी. त्यापेक्षा रांग परवडली.

लेट लतीफ

कागदी रुमालांशिवाय तुमचं काय झालं असतं ते आठवा. त्या रात्री सगळ्यात आधी संपलेली गोष्ट तीच होती.

डॉक्टर नाही पण

मी सम्राज्ञीच्या बाजूने, पण तिच्या कारणासाठी नाही.

बाहेरून आलेल्या डब्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. दुपारी चारला शिजला, सहाला डब्यात भरला, तासभर गाडीत, मग गप्पांच्या नादात टेबलावर. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितकं रेंगाळेल तितके त्यात जंतू वाढतात, म्हणून बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये हा सर्वमान्य नियम. आपल्याकडे दोन तास तर लतीफची वाट बघण्यातच जातात.

भाताचं तर विशेष. त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यातले काही विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. "खदखदून गरम केलाय" ही हमी भाताला लागू नाही. गेल्या वेळी भात कोणी आणला नाही, हे मला तरी बरंच वाटलं.

आता सम्राज्ञीबाई, तुमच्याकडे वळतो. आदल्या रात्री रस्सा करून तेवढं मोठं पातेलं झाकण लावून ओट्यावर ठेवलं होतंस. मी पाहिलं, कारण मी खुर्च्या द्यायला आलो होतो. एवढं मोठं पातेलं मधे कित्येक तास कोमटच राहतं आणि समारंभातल्या जेवणातून होणाऱ्या विषबाधेचं हे नेहमीचं कारण. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला खोल, कोमट, हवा न लागणारी जागा फार आवडते. गरम रस्सा दोन-तीन बोटं खोलीच्या पसरट भांड्यांत वाटून घ्यायचा, लवकर निववायचा आणि फ्रिजमध्ये टाकायचा. एकटीने १४ जणांचं करायचं म्हणजे मोठं पातेलं आलं, आदली रात्र आली आणि हा धोकाही आला.

म्हणजे डबे वाईट आणि पातेलंही वाईट. माझं मत विचाराल तर कमी पदार्थ करा. तीन पुरतात.

ओटासम्राज्ञी

कोणालाही काहीही झालं नव्हतं, नोंद असावी. पण परातीत पसरायचं लक्षात ठेवीन.

बाटलीबंद

खाण्याचं तुमचं तुम्ही भांडा. पिण्याचं मात्र यजमानाच्या गळ्यात घालू नका, ते टीटीएमएमच हवं, म्हणजे तुझं तू, माझं मी. जेवण एकाने केलं तर ते प्रेम असतं, बाटल्या एकाने आणल्या तर तो दंड असतो.

आणि अंदाजे आणू नका. गेल्या वेळी पिणारे आठ. पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढे तासाला एक, हा ढोबळ हिशोब. चार तासांचे पाच झाले, आठ जणांचे चाळीस. वाइनची ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास, म्हणजे सगळ्यांनी वाइनच घेतली असती तरी आठ बाटल्यांत भागत होतं. आल्या तेरा, शिवाय बिअर वेगळी. आणि बर्फ? एकाच घरच्या फ्रिजमधले दोन ट्रे! माणशी अर्धा किलो धरायचा असतो. १४ जणांना सात किलो. तो पेल्यात जातो त्याहून जास्त बादलीत जातो.

बादलीचंही सांगतो, कारण हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कोणीतरी नुसत्या बर्फात बाटल्या खोचून ठेवतं. नुसते खडे बाटलीला इथे-तिथे टेकतात, बाकी सगळी हवा. बर्फ बुडेल इतकं पाणी ओता म्हणजे थंडावा चहूबाजूंनी लागतो. वर मूठभर मीठ टाका, पाणी शून्याच्याही खाली उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली गार. सोड्याला तर हे हवंच, कारण वायू गार द्रवात टिकतो. कोमट सोडा उघडला की निम्मी मजा फसफसून जमिनीवर.

सरबतवाली

आठ जणांचा चाळीस ग्लासांचा हिशोब झाला. उरलेल्या सहा जणांचा?

मी सांगते. आम्हा सहांसाठी कोलाची दोन लिटरची एक बाटली होती, कोमट, आणि ती तुमच्या पेल्यांत मिसळायला वापरून संपली. नऊ वाजता मी नळाचं पाणी पीत होते. न पिणारा माणूस पार्टीत आला की सगळे त्याला "का रे?" विचारतात, "काय देऊ?" कोणी विचारत नाही. बर्फ, लिंबू, पुदिना, सोडा एवढं टेबलावर असलं तरी पुरे, करून घेऊ आमचं आम्ही. पण ते कोणाच्या यादीतच नसतं.

आता माझा खरा मुद्दा. त्या रात्रीच्या एका रश्शात वाइन होती. दोन वाट्या खाऊन झाल्यावर मला कळलं. आणणाऱ्याचं म्हणणं, "अगं, शिजताना उडून जाते." मद्य ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते असं टुणकन उडून जात नाही. पंधरा मिनिटं उकळलेल्या पदार्थात सुमारे ४० टक्के उरतं, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्क्यांच्या आसपास. प्रमाण थोडं होतं, मला काही झालं नाही. पण ठरवायचं कोणी, मी की रस्सा करणाऱ्याने?

म्हणून मी सम्राज्ञीच्या बाजूने. एक स्वयंपाक, एक माणूस, विचारायला एक तोंड. सहा डब्यांत काय काय आहे ते सहा जणांना विचारत कोण फिरणार? शेंगदाणा न चालणारा कोणी असेल तर हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. त्यात आपण एकच डाव तीन भांड्यांत फिरवतो.

यादीवाली

वाइनचं मान्य. डब्यावर चिठ्ठी हवी, आत काय आहे आणि कधी केलं. दोन ओळी लिहायला काय लागतं? पण यावरून डबेच बंद करा हे म्हणजे उवा झाल्या म्हणून डोकं भादरणं.

आणि कोणीच बोलत नाहीये ते मी बोलते. रिकाम्या हाताने यायला लोकांना जड जातं. नवा माणूस, ज्याची कोणाशी फार ओळख नाही, त्याला हातातला डबा म्हणजे आधार असतो. "हे तू केलंस? कसं केलंस?" यावरून त्याच्या पहिल्या गप्पा सुरू होतात. अंगतपंगतीत जेवणावर सगळ्यांचा हक्क असतो. तू सगळं करतेस तेव्हा आम्ही फक्त प्रेक्षक, आणि तुला टाळ्या हव्या असतात. राग नको मानू, पण असतात.

बाटलीबंद

बाप रे.

ओटासम्राज्ञी

राग मानला होता. तासभर. मग भांडी घासताना विचार केला.

हो, टाळ्या हव्या असतात. तीन दिवस राबल्यावर कोणीतरी बोटं चाटावीत असं वाटणारच, त्यात लाजायचं काय? पण मी नऊ पदार्थ करते ते बहुतेक टाळ्यांसाठी, हे खरं आहे आणि ते आजवर मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. 'डॉक्टर नाही पण' म्हणतो तसे तीन करीन. फार तर चार.

मात्र डब्यांवर माझं मत तेच. ओझं हलकं करायचं असेल तर काम वाटून घ्या ना. त्या रात्री मला सातवा पदार्थ नको होता, हात हवे होते. एकाने साडेसातला येऊन बर्फाची बादली लावायची. एकाने सरबताचं टेबल बघायचं. एकाने दर तासाला रिकामे पेले उचलायचे, कारण पेले संपतात म्हणून लोक नवे घेतात आणि पहाटे सिंकमध्ये चाळीस पेले निघतात. जेवण झाल्या झाल्या उरलेलं भरून फ्रिजमध्ये टाकायला दोघं. आणि भांड्यांना दोघं, आळीपाळीने.

आता मीही एक बोलते, झोंबेल. डबे कोण करून आणतं आठवून बघा. सहाच्या सहा डबे बायकांच्या हातचे होते, जोडीने आलेल्यांचेसुद्धा. पुरुषमंडळी बाटल्या आणतात, बर्फापाशी उभी राहतात आणि बर्फाचं शास्त्र सांगतात. "प्रत्येकाने एक पदार्थ" यातला प्रत्येक म्हणजे कोण, ते मला पक्कं कळलंय.

बाटलीबंद

बर्फाचं शास्त्र उपयोगी होतं की नव्हतं? ...बरं. भांडी माझी.

लेट लतीफ

मला स्वयंपाक येत नाही, त्यामुळे डबे बंद झाले तर माझ्याइतका आनंद कोणालाच नाही. पेले मी उचलतो. साडेसातचं काम मात्र मला देऊ नका, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

डॉक्टर नाही पण

कामांच्या यादीत एक राहिलं. बाटलीबंदच्या हिशोबाने चार तासांत पाच ग्लास. ३३० मिलिलिटर साधी बिअर, १५० वाइन किंवा ४५ मिलिलिटर कडक दारू, यांत मद्य साधारण सारखंच असतं, आणि शरीर तासाला साधारण एवढंच पचवतं. म्हणजे निघताना माणूस मोकळा झालेला नसतो. कॉफी पाजून झोप उडते, नशा तशीच. तेव्हा कोण कोणाला घरी सोडणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरवायचं, दारात चप्पल शोधताना नाही.

सरबतवाली

म्हणजे मीच. दर वर्षी मीच सोडते. मग या वर्षी माझ्या टेबलावर बर्फ, लिंबू आणि पुदिना आधी येईल, तुमच्या तेरा बाटल्या नंतर.

यादीवाली

मला अजून पटलेलं नाही. कामं वाटायची कल्पना चांगली आहे, पण नव्या माणसाला "ये, बस, आणि जाताना भांडी घास" असं सांगणार का तुम्ही? त्याला डबा आणू दे. माझ्या घरी पार्टी झाली तर डबेच असतील, चिठ्ठीसकट. या वर्षी सम्राज्ञीचं घर, सम्राज्ञीचा नियम, मी उरलेलं भरायला थांबेन. यादी मात्र मीच करणार, कामांची. त्यावर वाद नको.

ओटासम्राज्ञी

कर. आणि ते डबे? चार आहेत म्हटलं होतं, अजून कोणी तोंड उघडलेलं नाही.

यादीवाली

दोन स्टीलचे माझे.

लेट लतीफ

माझ्याकडे एक निळं झाकण आहे. कोणाचं ते मला वर्षभर कळलं नव्हतं. रुमालांच्या पिशवीतून आलं असावं.