गद्दी कुत्रा कोल्हापुरात आणावा का?

करवीरकर:
गद्दी कुत्र्याचे पिल्लू बंगल्याच्या राखणीसाठी आणावे, असा सूर आपल्या शहरातील श्वानप्रेमींमध्ये ऐकू येतो. मला तो मान्य नाही. २०२५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने या कुत्र्याची देशी जात म्हणून नोंद केली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही जात घडली ती हिमाचलमधील गद्दी मेंढपाळांच्या वाटेवर. उन्हाळ्यात चंबा-लाहौलच्या उंच कुरणांवर चढायचे, थंडी पडली की कांगड्याच्या बाजूला उतरायचे आणि या साऱ्या प्रवासात बिबट्या, अस्वलांपासून कळप सांभाळायचा, हे त्याचे पिढीजात काम. अंगावरचे दाट केस आणि जाडजूड मान त्याच कामाची आहेत. बिबट्या नरडे धरतो, म्हणून मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. असा कुत्रा एप्रिलच्या उन्हात, फरशीच्या अंगणात साखळीला बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

माळकरी:
उन्हाचा मुद्दा मान्य, बाकीचा नाही. कर्नाटकातले मुधोळ आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या शिकारी कुत्र्याचे शिकारीचे काम कधीच संपले, तरी तिथले थिम्मापूरचे श्वान संशोधन केंद्र आणि हौशी पाळणारे यांच्यामुळे ती जात टिकली. मेंढपाळांची नवी पिढी भटकंती सोडत असताना गद्दी कुत्रा केवळ त्यांच्याच भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय त्याचे मूळ तिबेटी मॅस्टिफ या दांडग्या राखणदार कुत्र्यात शोधले जाते. तो मॅस्टिफ तर जगभर घरांतून पाळला जातो.

करवीरकर:
तिबेटी मॅस्टिफचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. विरळ हवेत तग धरायला मदत करणारा ईपीएएस१ जनुकाचा प्रकार त्याला तिथल्या लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाला, असे जनुकीय अभ्यासांत आढळले आहे. डोंगर या कुत्र्यांच्या रक्तापर्यंत पोचलेला आहे. मुधोळचे म्हणाल, तर तो आखूड केसांचा, आपल्याच कोरड्या माळावरचा कुत्रा. त्याला इथे हवामान परके नाही.

वाघरवाला:
आमच्या शेतात दरवर्षी धनगर मेंढरे बसवतात, म्हणून लिहितो. रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीबाहेर, त्यांची कुत्री चार बाजूंना पडून असतात, आणि लांडग्याची चाहूल लागली की मालक उठायच्या आधी ती उठलेली असतात. हे हाकणारे कुत्रे नव्हेत. कळप वळवणाऱ्या कॉलीला धन्याच्या शिट्टीवर चालायला शिकवतात. राखणदाराला मात्र स्वतःच ठरवावे लागते, आणि त्यासाठी पिल्लू पहिल्या काही आठवड्यांपासून मेंढरांतच वाढावे लागते. बंगल्यात वाढलेला गद्दी दिसायला गद्दीच राहील, पण आलेल्या पाहुण्यावर धावून जाण्याचा निर्णयही तो स्वतःच घेईल. शहरात ही जोखीम कोण पत्करणार?

माळकरी:
मग बंगल्याचा हट्ट मी सोडतो. जात टिकवण्याचा नाही. पिल्लू इकडे आणण्याऐवजी तेच पैसे तिकडच्या मेंढपाळाला कुत्र्यांच्या लसीकरणासाठी आणि जातिवंत नर सांभाळण्यासाठी देता येतील का, यावर करवीरकरांनी मत द्यावे.