आई असताना मुलांना बालगृहात ठेवणे टाळता येईल का?

प्रश्न (निपाणी):
आमच्या गल्लीतील एक विडी कामगार भगिनी पतीच्या निधनानंतर थकलेल्या सासूबाई आणि दोन मुलांसह राहतात. धाकटा अनेकदा शाळा बुडवून आईजवळ विड्यांना दोरा बांधत बसलेला दिसतो. मुलांना बालगृहात किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवावे, असे नातेवाईक सुचवत आहेत. मुले घरीच राहावीत यासाठी शासनाकडून काही आधार मिळतो का?

उत्तर १ (खानापूर):
मिळतो, आणि तो आधी मागितला पाहिजे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे. याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या गरजांसाठी कुटुंबाला पूरक मदत देण्याची तरतूद असून ‘मिशन वात्सल्य’ या बाल संरक्षणाच्या सरकारी योजनेअंतर्गत पात्र मुलामागे दरमहा ४,००० रुपये दिले जातात. विधवा मातेची मुले त्यात बसतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत हवे. बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे अर्ज केल्यावर समाजकार्यकर्ते घरी येऊन पाहणी करतात आणि त्यांच्या अहवालावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. धाकट्याची शाळा मात्र आजपासूनच सुरू करा, कारण हजेरी नियमित नसल्यास मदत थांबू शकते.

उत्तर २ (बेळगाव):
कागदपत्रे आधी जुळवून घ्यावीत. आपल्याकडे मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि कन्नड-इंग्रजी आधार कार्डावर त्याचेच थोडे वेगळे रूप, असे सर्रास घडते आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो. पतीचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक जवळ असू द्यावे. कन्नड अर्ज भरण्यास अंगणवाडी सेविकेची मदत घेता येईल.

उत्तर ३ (चिकोडी):
पैशाने सगळे सुटत नाही. आई दिवसभर विड्या वळत असेल आणि सासूबाई थकल्या असतील, तर मुलांना शाळेत पाठवायचे कोणी, हे पाहणीच्या वेळी स्पष्ट सांगावे. प्रायोजकत्वाच्या व्याख्येत आर्थिक मदतीखेरीज इतर साहाय्यही येते. पाहणीला येणारे मुले उचलून नेतील, या भीतीने दार लावून घेऊ नये. गरिबी हे मुले काढून घेण्याचे कारण नव्हे. घरात मारहाण किंवा छळ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि निर्णय बालकल्याण समितीवर सोपवावा.