पुणे मनपा निवडणूक, जानेवारी २०२६ (मतदानाआधीची चर्चा) : मोफत बस-मेट्रो की बोगदे-उड्डाणपूल, तुमचं मत कशावर?

सिंहगडरोडकर :
१५ जानेवारी २०२६ ला मतदान. २०१७ नंतर पहिल्यांदाच महापालिकेसाठी बटण दाबायचंय, मार्च २०२२ पासून सगळा कारभार प्रशासकाकडे होता. वाहतुकीवर यावेळी सरळ दोन टोकं दिसतायत. दोन्ही राष्ट्रवादी म्हणतायत पीएमपी (शहराची बससेवा) आणि मेट्रो मोफत करू, भाजपचा भर मेट्रोचे पुढचे टप्पे, उड्डाणपूल आणि बोगद्यांवर. मला विचाराल तर दोन्हीकडे बसचा खरा प्रश्न बाजूलाच राहिलाय. बस दर दहा मिनिटांनी येणार आहे का, आणि आली तर आत पाय ठेवायला जागा असणार आहे का? याची खात्री असेल तर लोक तिकीट काढून जातील, आणि नसेल तर फुकट असूनही बाईकच काढतील. बसेस वाढवायच्या, चालक-वाहक भरायचे यासाठी पैसा लागतो आणि तोच पैसा तिकीट माफ करण्यात गेला तर गाड्या येणार कुठून?

हडपसरची ताई :
अजिबात पटलं नाही. तुम्ही बाईक असलेल्याचा विचार करताय. आमच्या भागातून घरकामाला जाणाऱ्या बायका बघा, दोन बस बदलून जातात. १ जून २०२५ ला कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं, दिवसाचा पास ४० चा थेट ७० झाला. महिन्याला आठ-नऊ हजार कमावणाऱ्या बाईच्या हातातून यात किती जातं ते मांडून बघा. दोन थांबे चालत जाऊन पैसे वाचवणाऱ्या बायका आहेत, त्यांना दहा मिनिटाला बस आली काय आणि पंधराला आली काय, आधी परवडायला तर हवी. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस मोफत आहे, आपल्याच एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, बुडालं का काही? गरिबाला काही द्यायचं म्हटलं की लगेच पैसा कुठून येणार, उड्डाणपुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही!

पेठेतला :
ताई, एसटीचं आणि कर्नाटकचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे पैसे राज्य सरकार भरतं. पीएमपी ही २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून केलेली कंपनी, तिची तूट पुणे मनपा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरतात, म्हणजे आपल्याच मिळकतकरातून. आणि मेट्रो तर मनपाची नाहीच, ती महामेट्रोची, केंद्र आणि राज्याची कंपनी. तिचं भाडं नगरसेवकाने सभागृहात हात वर करून शून्य होत नाही. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन का द्यायचं?

हडपसरची ताई :
मनपाने भरपाई दिली तर होईल की. पैसे कुठे खर्च करायचे हे तर सभागृहच ठरवतं ना?

पेठेतला :
मग तो आकडा जाहीरनाम्यात लिहा. वर्षाला किती आणि कुठली कामं थांबवून. लिहिला तर मी पण विचार करेन, खरंच.

रोजचा पादचारी :
बस-मेट्रोवर एवढं भांडताय पण थांब्यापर्यंत पोचायचं कसं यावर कोणी बोलेना. मनपाने २०१६ ला पादचारी धोरण केलं, ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, गाड्या बंद, मुलं रस्त्यावर खेळतात, बघायला छान वाटतं. बाकीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाने रस्ता ओलांडून दाखवावा. मेट्रो स्टेशनवरून उतरलं की फुटपाथवर टू-व्हीलर लावलेल्या. हे काम तर शंभर टक्के मनपाचं आहे, ना केंद्र लागतं ना राज्य, आणि एका बोगद्याच्या खर्चात अख्ख्या शहराचे फुटपाथ होतील असं माझं ठाम मत आहे.

वाघोलीकर :
फुटपाथ ठीक आहे हो, पण आम्ही नगर रोडवर रोज तास तास अडकतो. गाड्या कमी होणार नाहीत, रस्ता तरी वाढवा. बीआरटी केली होती ना बसला वेगळी लेन म्हणून, शेवटी नगर रोडची उखडलीच. सिंहगड रोडला पूल झाला, आम्हालाही पाहिजे. मी तरी पूल-बोगदेवाल्यांनाच देणार.

सिंहगडरोडकर :
वाघोलीकर, पुलाशेजारीच राहतो म्हणून सांगतो, पुलावरून सुटतो आणि उतरल्यावर पुढच्या चौकात परत तीच रांग. तीच वाहनं, फक्त थांबायची जागा बदलते. आणि बीआरटीच्या लेनमध्ये बाकीच्या गाड्या शिरू दिल्या, हे का म्हणून कोणी विचारलं नाही, बसचीच लेन काढून टाकली. ताई, तुमचा दिवसाच्या पासचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. सरसकट मोफत नको, पण महिन्याचा पास स्वस्त करा आणि कमी उत्पन्नवाल्यांना जवळपास फुकट द्या, हे मी उमेदवाराकडे मागायला तयार आहे. महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष पीएमपीच्या संचालक मंडळावर असतात, म्हणजे हे त्यांना बोलता येतं.

हडपसरची ताई :
कमी उत्पन्न म्हणजे परत दाखला, तलाठी, सेतू केंद्र, अर्धा दिवसाची मजुरी बुडाली. सगळ्यांना मोफत असलं की कोणाला काही सिद्ध करावं लागत नाही. मी मोफतवाल्यांनाच मत देणार.

रोजचा पादचारी :
प्रभागात चार मतं द्यायचीत. चारही एकाच पॅनेलला द्यायची सक्ती नाही. आमच्याकडे प्रचाराला येतात त्या प्रत्येकाला मी एकच विचारतोय, शेवटचा बसने कधी गेलात आणि कुठल्या नंबरच्या. सांगता आलं तर पुढचं बोलतो.

पेठेतला :
उत्तर आलं का कोणाचं?

रोजचा पादचारी :
एकीचं आलं. नंबरही सांगितला, थांबाही. तिचा पक्ष मला आवडत नाही, पण एक मत तिला.