लाउंजमधला 'फुकट' पेग: बंद करावा की चालू ठेवावा?

तीसमिली

माझं मत आधीच सांगून टाकतो. विमानतळावरच्या लाउंजमध्ये दारू 'कॉम्प्लिमेंटरी' द्यायची पद्धत बंद करावी. विकत द्यावी, मोजून द्यावी, भाव फळ्यावर लावावा आणि तो शहरातल्या बऱ्यापैकी परमिट रूमच्या फार वर नसावा. आज फुकट मिळते ती प्यावीशी वाटत नाही, आणि प्यावीशी वाटते तिचा भाव बिल आल्यावरच कळतो.

मुंबईपुरता हिशेब मांडतो. जून 2025 पासून महाराष्ट्रात भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या 180 मिली क्वार्टरची किमान छापील किंमत 205 रुपये आहे, प्रीमियम विदेशी मद्याची 360. क्वार्टरमध्ये 30 मिलीचे सहा पेग. म्हणजे खालच्या पायरीचा पेग दुकानाच्या भावाने 34-35 रुपयांना पडतो, वरचा 60 ला. फुकटच्या यादीत असतो तो हा 35 रुपयांवाला. तेवढ्यासाठी लोक दोन-दोन तास आधी पोचून रांगेत उभे!

आता पैसे कोण देतं ते बघा. लाउंजच्या दारातल्या यंत्रावर बँकेचं कार्ड फिरवलं की आत सोडतात आणि आपले दोन रुपये जातात (काही कार्डांवर पंचवीस). खरी रक्कम बँक देते, बँक आणि लाउंज यांना जोडणारी मधली कंपनी तिच्यातून आपला वाटा काढते आणि उरलेलं लाउंजला मिळतं. ती रक्कम डोक्यामागे ठरलेली. तुम्ही एक पेग घ्या नाहीतर चार, लाउंजच्या गल्ल्यात जास्तीचा रुपया येत नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर निघणारच. दारूचे पैसे पनीरमधून निघतात आणि न पिणाऱ्याच्या ताटात पातळ डाळ येते. न पिणाऱ्याने पिणाऱ्याचा खर्च का उचलावा?

गेटबहात्तर

मोजून द्यावी, मान्य. फळा लावावा, तेही मान्य. पण 'परमिट रूमच्या फार वर नको' हे म्हणायला सोपं आहे.

परमिट रूमवाला भाडं देतो आणि मोकळा होतो. मुंबई विमानतळ चालवणारी कंपनी आपल्या महसुलातला 38.7 टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देते. दिल्लीत हाच आकडा 45.99. नफ्यातला नाही, महसुलातला. साहजिकच ती कंपनी आत धंदा करणाऱ्यांकडूनही विक्रीचा वाटा किंवा किमान हमी रक्कम, यातलं जे जास्त असेल ते घेते. त्यात प्रत्येक खोका तपासणीतून आत जातो, माल ठरलेल्या वेळेलाच येतो, प्रत्येक वेटरला विमानतळाचा पास लागतो आणि काउंटर रात्रभर चालू. वर राज्याचं ओझं आहेच: परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्के झाला, आणि 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. यावरूनच 14 जुलै 2025 ला राज्यभर बार बंद राहिले होते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार दुकानं, पार्किंग, लाउंज असल्या 'बिगर-विमान' उत्पन्नातला 30 टक्के भाग विमानतळाचे शुल्कदर ठरवताना वजा धरतात. म्हणजे लाउंजमधला महाग पेग थोडाफार तुमच्या तिकिटातल्या शुल्काचा भार हलका करतो. तो स्वस्त केलात तर ती कसर न पिणाऱ्याच्याच तिकिटातून निघेल. तुमचा न्याय उलटा फिरला की!

बोर्डिंगपास

@गेटबहात्तर, ही सगळी ओझी न्यूयॉर्कलाही आहेत, तरी तिथे लगाम बसला. 2021 मध्ये तिथल्या ला गार्डिया विमानतळावर बिअरला 27 डॉलर लावल्याचं प्रकरण समाजमाध्यमांवर गाजलं, चौकशी झाली, आणि तिथले विमानतळ सांभाळणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने आपल्या विमानतळांवर नियम आणखी पक्का केला: शहरातल्या भावाच्या वर फार तर 10 टक्के. तुलना कोणत्या दुकानाशी करायची तेही ठरवून द्यावं लागतं, नाहीतर दुकानदार पंचतारांकित हॉटेलचा भाव 'शहरातला' म्हणून दाखवतो.

आपल्याकडेही विमानतळ प्राधिकरणाने मनावर घेतल्यावर डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांचा चहा देणारा उडान यात्री कॅफे निघालाच ना? भाव कमी होऊ शकतो. कोणी तो ठरवून दिला पाहिजे.

गेटबहात्तर

चहाला उत्पादन शुल्क नसतं हो.

द्राक्षबाग

व्हिस्कीवाल्यांचं चालू द्या, मी वाइनबद्दल लिहितो, कारण लाउंजमध्ये सगळ्यात जास्त नासाडी तिची होते आणि त्याचं कारण गणितात आहे.

750 मिलीच्या बाटलीतून व्हिस्कीचे 30 मिलीचे 25 पेग निघतात. त्याच आकाराच्या बाटलीतून वाइनचे 150 मिलीचे फक्त पाच ग्लास. 900 रुपयांची साधी वाइन धरली तरी ग्लास 180 ला पडतो. फुकटच्या काउंटरवर सगळ्यात महाग पडणारी चीज वाइनच. म्हणून लाउंजवाला तीन गोष्टी करतो: सगळ्यात स्वस्त लेबल आणतो, ग्लासात 90-100 मिलीच ओततो आणि उघडलेली बाटली संपेपर्यंत वापरतो. यातली तिसरी गोष्ट घातक. व्हिस्की उघडून महिनाभर राहिली तरी फारसं बिघडत नाही. वाइनला हवा लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळाचा वास जातो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो, पुढे सरळ व्हिनेगरकडे वाटचाल. बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाइनचं तर विचारूच नका: घट्ट दाबाचं बूच नसेल तर काही तासांत तिचे बुडबुडे जातात.

दुसरा घोळ तापमानाचा. रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणतात ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. इथे बाटली काउंटरवर दिव्याखाली 24-25 ला उभी असते, त्यामुळे नाकात आधी अल्कोहोल जातं आणि वाइन उग्र लागते. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवा म्हणून सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ठेवतात. व्हाइट 8 ते 10 ला हवी, पण तिचा फ्रिज कोकच्या कॅनांनी भरलेला असतो.

काय करायचं? नाशिककडच्या बऱ्याच वाइनना आता फिरकीचं झाकण असतं. नवीन बाटली मागा आणि समोर उघडायला सांगा. झाकणाखालची कडी तुटताना कट् असा आवाज येतो. तो आला नाही तर बाटली आधीच उघडलेली आहे. मग 'कधी उघडली?' एवढंच विचारा. उत्तर देताना वेटरने आत बघितलं तर बिअर घ्या.

माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, पण वाइनपुरतंच. ती विकतच असावी आणि 150 मिली असा आकडा छापलेला असावा. मुंबईच्या लाउंजमध्ये नाशिकची चांगली शेनिन ब्लाँ (एक व्हाइट वाइन) विकत घ्यायला लोक तयार असतात, फुकट आंबट पाणी प्यायला नाही.

एकाओळीत

भीक नको पण कुत्रा आवर, असं वाइनने म्हणायचं बाकी राहिलंय.

परमिटधारक

भावावर दोन्ही बाजू मोघम बोलताहेत, म्हणून कायद्यातलं पक्कं तेवढं लिहितो.

एक, छापील किमतीचं बंधन. बाटलीवर एमआरपी आहे, मग लाउंज जास्त कसं लावतं, असं दर वेळी विचारतात. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंट संघटनेच्या प्रकरणात सांगितलं की बसून खाण्यापिण्यात सेवाही येते, त्यामुळे तिथे छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतं. एमआरपीवरून भांडू नका, हराल.

दोन, माप. इथे मात्र जिंकाल. पेग मोजायचं माप वैधमापनशास्त्र खात्याने तपासून शिक्का मारलेलं लागतं. 30 किंवा 60 मिलीचं शिक्क्याचं माप दाखवा म्हणणं हा तुमचा हक्क. हातचलाखीने थेट बाटलीतून ओतणं हे 'उदार मनाचं' नसतं. बर्फाने भरलेल्या ग्लासात 30 मिली कुठे संपतं ते डोळ्याला कळत नाही, म्हणून ती पद्धत.

तीन, बिल. माणसाच्या पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. जेवण, सोडा, टॉनिक यांवर जीएसटी. सगळं मिळून एकच करओळ असेल तर बिल परत द्या. सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरल्या. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा.

चार, आणि ही खरी मेख. मद्य हा राज्यांचा विषय. मुंबईत बिअर-वाइनला 21, कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात आणि कागदोपत्री पिण्याचा परवानाही (एक दिवसाचा पाच रुपये). दिल्लीत सरसकट 25, गोव्यात त्याहून कमी. अहमदाबादेत दारूबंदी, म्हणून लाउंज कितीही देखणं असलं तरी सरबतच. 2 ऑक्टोबरला मुंबईतही काउंटर बंद. कार्डाच्या पत्रकात 'देशभर लाउंज सुविधा' छापताना यातलं एक अक्षर नसतं. 'फुकट'ची व्याख्याच दर राज्यात वेगळी, मग त्यावर धोरण काय ठरवणार?

पिंपातला

गुणवत्तेवर थोडं. लाउंजच्या यादीत 'स्कॉच' लिहिलेलं असलं की बाटली मागवून लेबल वाचा. 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' म्हणजे स्कॉटलंडात ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली. 'ब्लेंडेड विथ स्कॉच' म्हणजे मळीच्या किंवा धान्याच्या स्पिरिटमध्ये चवीपुरती स्कॉच. यादीत दोन्ही एकाच ओळीत बसवतात. तिसरा प्रकार म्हणजे इथे आणून भरलेली खरी स्कॉच, तिच्यावर 40 ऐवजी 42.8 टक्के लिहिलेलं असतं. तीत कमीपणा काही नाही, पण तिकडेच भरलेल्या बाटलीचा भाव लावला तर विचारा.

ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये करार झाल्यापासून 'आता लाउंजमध्ये स्कॉच स्वस्त' म्हणणाऱ्यांसाठी: सीमाशुल्क 150 वरून 75 आणि पुढे दहा वर्षांत 40 वर यायचंय. पण ते बंदरावरच्या किमतीवर असतं. राज्याचं शुल्क, व्हॅट आणि विमानतळाचा वाटा तिथेच राहणार. पेगमागे फरक पडला तर थोड्या रुपयांचा.

उंचावरून

भाव नि चव सोडून एक बोलतो. देशांतर्गत उड्डाणात दारू देतच नाहीत, म्हणून लोक लाउंजमध्ये टाकी भरून घेतात, आणि फुकट म्हटल्यावर तर हातच आवरत नाही. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा. 2024 मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी तरुणांना दारू पाजून तशा दाबात झोपवलं, तर रक्तातला ऑक्सिजन 85 टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी 88 पर्यंत चढली. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याने याचा विचार करावा.

आणि गेटवर झिंग दिसली तर विमान कंपनी चढू देत नाही, पैसेही परत नाहीत. आत गोंधळ घातलात तर प्रवासबंदी: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर गेलात तर सहा, जीवघेणं वागलात तर किमान दोन वर्षं. रायनएअरच्या प्रमुखाने 2024 मध्ये मागणी केली होती की विमानतळावर बोर्डिंग पासवर दोनच ड्रिंक द्यावीत. मला ती पटते. फुकट असो वा विकत, दोन पेग, पासवर नोंद, संपलं.

तीसमिली

@उंचावरून, दोनची मर्यादा चालेल, पण 'दोन' कशाचे? 60 मिलीच्या 42.8 टक्क्यांच्या मोठ्या पेगमध्ये 25.7 मिली शुद्ध अल्कोहोल जातं, 150 मिली वाइनमध्ये साडेतेराच्या आत-बाहेर टक्के धरले तर वीसेक मिली, 330 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये 16.5. नग मोजून उपयोग नाही, मिली मोजा. म्हणजे पुन्हा मापच आलं.

@गेटबहात्तर, 30 टक्क्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ उरलेले 70 टक्के शुल्कदरात वजा धरतच नाहीत. तिकिटावरचा भार हलका करायला पिणाऱ्याला दसपट भाव लावायचा, हे आयजीच्या जीवावर बायजी उदार झालं. 35 चा पेग 350 ला विकू नका, 150 ला विका. मोजून दिलात तर खप वाढेल.

गेटबहात्तर

खप कसा वाढणार? लाउंजमध्ये बसायला दोन-तीन तास, खुर्च्या ठरलेल्या, गर्दीच्या वेळी बाहेर रांग. स्वस्त केलं की माणूस उठत नाही, खुर्ची अडते, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या माणसामागे बँकेकडून येणारी रक्कम बुडते. लाउंजवाला दारू महाग ठेवतो ते निम्मं यासाठी. फुकटची वाईट ठेवतो तेही यासाठीच. चांगली नि स्वस्त दोन्ही दिलीत तर रांग सुरक्षा तपासणीपर्यंत जाईल.

द्राक्षबाग

मग बंद कॅनची बिअर फुकट ठेवा, 330 मिलीचा एक. माप छापलेलं, तारीख छापलेली, उरलेलं नासत नाही, ओतण्यात चोरी नाही. बाकी सगळं विकत.

तीसमिली

कॅन चालेल. फक्त ग्लास धुऊन नीट विसळलेला द्या. साबणाचा थर राहिला की फेस बसतो आणि मग लोक म्हणतात बिअर शिळी होती.