मदत हवी आहे: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल कुठलं घालू?

नमस्कार मंडळी,

काकांचा जुना गार्डन ट्रॅक्टर आता माझ्या गळ्यात पडला आहे. एकच सिलिंडर, हवेवर गार होणारं पेट्रोल इंजिन, वय माझ्याएवढं तरी नक्की. वरची पट्टी इतकी घासलीय की मॉडेल नंबरातला पहिला आकडा तेवढा लागतो. मॅन्युअल नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "हाताला लागेल ते ओतायचो." यावरून इंजिनाचा इतिहास समजून घ्या.

मागच्या आठवड्यात ऑइल बदलायला घेतलं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या जागेचा, नट काढला तर थेंबही येईना. तार घालून ढोसल्यावर आधी डांबरासारखा गाळ सुटला आणि मग बाकीचं काळं ऑइल पाण्यासारखं भळाभळा वाहून गेलं. फिल्टर शोधायला खाली आडवा झालो, पाठ धरली, फिल्टर सापडला नाही.

घरात कारचं १०डब्ल्यू-३० उरलेलं होतं, ते भरलं. आता चालू होतो लगेच, पण पहिली दहा मिनिटं निळा धूर, आणि ब्रीदरच्या (चेंबरातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइलचे शिंतोडे. एवढं असून डिपस्टिकवर पातळी खाली येत नाही, भरलेलीच दिसते, तेवढाच दिलासा.

सल्ले तीन मिळालेत. एकाचं म्हणणं, साधं ३० नंबर (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) सोडून काही घालू नकोस. दुसरा म्हणतो फिल्टर नाही, तेव्हा डिटर्जंट नसलेलंच ऑइल हवं, नाहीतर गाळ सुटून इंजिन जाईल. तिसरा डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४० घाल म्हणतो, कारण जुन्या इंजिनाला झिंक लागतं. तिघंही अगदी ठाम आहेत. कुणाचं ऐकू?

ग्रीसचे हात:
३० नंबर. विषय संपला.

भंगारप्रेमी:
विषय इतक्यात संपत नाही, पण उत्तर बरोबर आहे. कारण सांगतो.

फिल्टर नाही म्हणजे बहुधा ऑइल पंपही नाही. अशा इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक चमच्यासारखी पट्टी असते, ती प्रत्येक फेऱ्याला चेंबरातल्या ऑइलवर आपटते आणि शिंतोडे उडवते. उभ्या क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) इंजिनात कॅमच्या गिअरवर फिरणारं एक छोटं चक्र तेच काम करतं. पिस्टन, कॅम, बेअरिंग सगळं त्या शिंतोड्यांवर जगतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि मधे वेगळं बेअरिंग न घालता थेट क्रँकवर फिरतो. तिथे ऑइलचा पडदा फाटला की रॉड चिकटतो, आणि रॉड तुटला की ब्लॉकला भोक.

आता आकडे. ३० आणि १०डब्ल्यू-३० ही दोन्ही ऑइलं १०० अंश सेल्सियसला सारखीच जाड असतात, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (हे ऑइलची जाडी मोजायचं एकक) पट्ट्यात. फरक थंडीत. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू वालं गारठ्यात पातळ राहतं, साधं ३० घट्ट होतं. मल्टिग्रेडमध्ये, म्हणजे १०डब्ल्यू-३० सारख्या दोन आकड्यांच्या ऑइलात, हा गुण आणायला लांब साखळीचे पॉलिमर घालतात. हवेवर गार होणारं इंजिन चांगलंच तापतं, त्या उष्णतेत आणि घुसळणीत ते पॉलिमर तुटत जातात. म्हणून ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या छोटी इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं: ४ अंशांच्या खाली ३० नंबर घातलं तर चालू करताना त्रास होईल, आणि २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० घातलं तर ऑइल जास्त खाईल. उन्हाळ्यात गवत कापणार असाल तर ३०. कडाक्याच्या थंडीत बर्फ सारणार असाल तर ५डब्ल्यू-३०.

नंबर वाचायचा असेल तर पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. ठोकलेले आकडे कागदावर उमटतात. माझ्या एका इंजिनाचं बारसं असंच झालं.

ओव्हरऑइल:
डिटर्जंटबद्दल. ही समजूत आजोबांच्या काळातली आहे आणि तेव्हा तिला थोडा अर्थही होता. वर्षानुवर्षं बिनडिटर्जंटचं ऑइल खाल्लेल्या इंजिनात तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. त्यात एकदम डिटर्जंट ऑइल घातलं की तो सुटून फिरायला लागतो. पण बिनडिटर्जंटच्या ऑइलने गाळ नाहीसा होत नाही, रिंगांच्या खाचांत आणि ऑइलच्या भोकांत जमत राहतो. डिटर्जंट कचरा तरंगत ठेवतो, म्हणजे नट काढला की तो ऑइलबरोबर बाहेर जातो. फिल्टर नसलेल्या इंजिनाला उलट याची जास्त गरज आहे.

डब्यावरचा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) गोल शिक्का आणि त्यातली दर्जाची अक्षरं बघा. एसए म्हणजे ॲडिटिव्ह नसलेलं साधं तेल. एपीआय स्वतःच सांगते की १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही. एसबीचंही तसंच, १९५१ नंतरच्या इंजिनांना नको. जुन्या मॅन्युअलमध्ये एससी, एसडी, एसएफ असं काही दिसलं तर घाबरू नका, नंतरची अक्षरं चालतात. एसजे, एसएल, एसएन, काहीही. बिनडिटर्जंटचं ३० नंबर सुद्धा शेजारच्याच फळीवर असतं आणि डबा अगदी तसाच दिसतो, तेवढं सांभाळा.

झिंकचं म्हणाल तर अर्धं खरं. २००४ च्या एसएमपासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, आणि झिंक त्याच ॲडिटिव्हमधून येतं म्हणून तेही घटलं. पण ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना. साधं ३० किंवा १५डब्ल्यू-४० तिच्यात येत नाही. शिवाय तुमच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हचे स्प्रिंग रेसच्या गाडीसारखे कडक थोडेच आहेत! १५डब्ल्यू-४० वाईट नाही, मी स्वतः भर उन्हाळ्यात वापरतो. पण झिंकसाठी झोप घालवू नका.

नट-बोल्ट:
सगळे ग्रेडवर भांडताय, पण धागाकर्त्याने काय लिहिलंय ते कुणी वाचलं का? निळा धूर, ब्रीदरमधून ऑइल, आणि पातळी "भरलेलीच". धूर निघतोय म्हणजे ऑइल जळतंय. मग पातळी खाली जायला हवी. जात नाही, त्या अर्थी दुसरं काहीतरी आत येतंय.

डिपस्टिक काढा आणि वास घ्या. पेट्रोलचा येतो का?

जुन्या कार्ब्युरेटरात नीडल व्हॉल्व्हचं, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं, टोक झिजतं किंवा सीटवर कचरा बसतो. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असली तर रात्रभर पेट्रोल ठिबकतं, इनटेकमधून सिलिंडरात, रिंगांच्या फटीतून चेंबरात. तुम्ही काढलेलं ऑइल पाण्यासारखं होतं ना? गाळ डांबरासारखा आणि ऑइल पाणी, हे मला तेव्हाच खटकलं. अशा ऑइलवर अजिबात चालवू नका, ३० असो की सोन्याचं असो. आणि तपासताना जवळ विडी, लायटर, गरम इंजिन काही नको.

धागाकर्ता:
नट-बोल्ट, तुमच्या पाया पडतो. वास घेतला. नाक झोंबलं. पातळी वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होती. मी तीच बघून खूश होत होतो.

काल कार्ब्युरेटर उघडला. नीडलच्या रबरी टोकावर सीटची गोल खाच उमटलेली, नखाला लागते. फ्लोट (नीडल उघडबंद करणारा तरंगता डबा) हलवून पाहिला, आत पेट्रोल नाही, म्हणजे तो ठीक. नवी नीडल आणि सीट मागवली आहे, शिवाय टाकीच्या नळीत एक कॉक बसवतो.

ऑइल परत काढून ३० नंबर घालणार. पण किती? मॅन्युअल नाही ना.

भंगारप्रेमी:
लिटरात मोजू नका, खुणेवर भरा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, थोडं थोडं ओता, दोन मिनिटं थांबा, बघा. डिपस्टिक आट्यांची असेल तर काही कंपन्यांत पूर्ण फिरवून मोजायचं असतं, काहींत नुसती टेकवून, आणि दोन्हींत बराच फरक पडतो. डिपस्टिक नसून नुसता प्लग असेल तर बहुतेक जुन्या इंजिनांत भोकाच्या काठापर्यंत भरतात.

पहिलं भरलेलं पाच तासांनी काढून टाका. ते नुसतं धुवायला. पुढे दर २५ तासांनी, इंजिन गरम असताना, म्हणजे कचरा तळाशी बसायच्या आत बाहेर येतो.

धागाकर्ता:
नीडल बदलली. तीन दिवस कॉक मुद्दाम उघडा ठेवला, पातळी जागची हलली नाही. चालू करताना थोडासा धूर, मग स्वच्छ. पाच तास झाल्यावर काढलेलं ऑइल काळंच होतं, पण बोटांत धरल्यावर ऑइलसारखं लागत होतं, आणि तळाला पुन्हा चमचाभर गाळ. नटाचा वायसर चपटा झाला होता, तोही बदलला.

आता मागचा गिअरबॉक्स. त्यातही इंजिनाचंच ३० नंबर चालेल का?

ग्रीसचे हात:
थांबा. आधी तो हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) आहे की साध्या गिअरचा ते सांगा. फोटो टाका.