सममिती आधी, त्रुटी-दुरुस्ती नंतर

मंदार_नाशिक:
क्यूबिटात (क्वांटम संगणकाच्या बिटात, जो एकाच वेळी 0 आणि 1 यांचं मिश्रण असू शकतो) साठवलेली क्वांटम माहिती टिकवायची तर चुका शोधत बसण्याआधी, सममितीच्या (रचनेतल्या सारखेपणाच्या) जोरावर चूक मुळात बाधणारच नाही अशी जागा शोधावी, असं माझं ठाम मत आहे. 2001 साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन-संस्थेने बेरिलियमच्या दोन आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) हे करून दाखवलं. एक क्यूबिट दोन आयनांत असा भरला, की 0 असो वा 1, एका आयनाचा इवलासा चुंबक वर आणि दुसऱ्याचा खाली. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र डळमळलं तरी दोन्ही आयनांवर सारखंच डळमळतं. त्यामुळे दोन्ही अवस्थांचा फेज (लाटेसारखी त्यांची चढ-उताराची स्थिती) एकसारखा सरकतो, फरक पडतच नाही. साठवणीचा काळ दहापटीपर्यंत वाढला.

2022 चा प्रयोग तर मला विलक्षण सुंदर वाटतो. क्वांटिन्युअम कंपनीच्या यंत्रात यटर्बियमचे 10 आयन एका ओळीत. इथली सममिती काळातली, म्हणजे पल्सच्या क्रमातली. लेसरचे पल्स ठरावीक तालात दिले तेव्हा टोकाच्या क्यूबिटांतली माहिती सुमारे 1.5 सेकंद टिकली. फिबोनाची क्रमाने (अ, अब, अबअ, अबअअब…) दिले तेव्हा सुमारे 5.5 सेकंद, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत. एकही जादा क्यूबिट न लावता!

रेवती_ज:
असहमत. हा काळ हवा तेवढा वाढवायची रीत काय? सममितीत ती नाही, सरफेस कोडमध्ये आहे: एक क्यूबिट जाळीतल्या अनेक क्यूबिटांत पसरायचा आणि चुका सतत तपासायच्या. गूगलच्या विलो चिपवर (2024) कोडचं अंतर (जाळीच्या एका बाजूला किती क्यूबिट) 3 वरून 5, 5 वरून 7 केलं, तेव्हा दर पायरीला चुका 2.14 पटीने घटल्या. अशी साठवलेली माहिती चिपवरच्या सर्वोत्तम क्यूबिटपेक्षा 2.4 पट टिकली. आयनांची युक्ती गोंधळ दोघांवर सारखाच होईल या भरवशावर चालते. एकाच आयनाला धक्का बसला की संपलं.

मंदार_नाशिक:
पण त्या एका क्यूबिटसाठी 101 क्यूबिट राबले, हेही सांगा ना. आपल्याकडे टीआयएफआरने (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर केलेला प्रोसेसर 6 क्यूबिटचा आहे. सर्वात लहान उपयोगी सरफेस कोडलाच 17 लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसायचं?

रेवती_ज:
बसायचं नाही, पण चुकीचं औषधही द्यायचं नाही. टीआयएफआरचे क्यूबिट आयन नाहीत, अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या धातूच्या) मंडलांचे आहेत. त्यांची ऊर्जा प्रत्येकाची स्वतंत्रपणे गळते. तिथे जोडीची सममिती काय वाचवणार?

शंतनू७:
तुम्ही दोघं सममितीकडे फक्त ढाल म्हणून बघताय. ती पहारेकरीही असते. कॅट कोड नावाच्या रीतीत माहिती सूक्ष्मलहरी अडकवणाऱ्या पोकळीतल्या फोटॉनांत (प्रकाशकणांत) ठेवतात, आणि फोटॉनांची संख्या सम की विषम एवढंच तपासतात. एक फोटॉन गळाला की सम-विषम उलटतं. चूक कळते, माहिती मात्र उघडी पडत नाही. सरफेस कोडच्या तपासण्याही याच जातीच्या. अ‍ॅमेझॉनच्या ओसेलॉट चिपने (2025) तर दोन्ही जोडलं: बिट उलटण्याच्या चुका कॅट क्यूबिटच दाबतात, फेजच्या चुकांसाठी वरून साधा पुनरावृत्ती कोड (तीच माहिती अनेक क्यूबिटांत पुन्हा ठेवणारा). मला हाच रस्ता खरा वाटतो.

रेवती_ज:
हे पटतं. पण मग पहारा ठेवणं म्हणजे मोजणं, आणि मोजणं म्हणजे त्रुटी-दुरुस्तीच. धाग्याचं शीर्षक तिथेच पडतं.

मंदार_नाशिक:
पडत नाही. ओसेलॉटमध्ये बिटच्या चुका आधीच दबल्या म्हणूनच वरचा कोड इतका साधा चालला. क्रम तोच, जो मी म्हणतोय. 6 क्यूबिटांबद्दल मात्र तुमचा मुद्दा मान्य. तिथे 4 क्यूबिटांचा, चूक फक्त पकडणारा कोड चालवून पाहावा. त्याच्याही तपासण्या सम-विषमच्याच आहेत.