थंडीत शिंका, कोंबड्याचा तुरा काळा. खुराडं अजून बंद करू का?

तलंगवाली:
माझ्याकडे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. पाळायला लागून तिसरं वर्ष, पण एवढी थंडी पहिल्यांदाच. गेल्या आठवड्यात दोन रात्री पारा शून्याखाली गेला. मी घाबरून खुराड्याला चारी बाजूंनी जाड प्लास्टिक ठोकलं, त्यावर गोणपाट, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. स्वतःच्या पोरांना एवढं गुंडाळलं नसेल. आणि झालं काय, तर दोघी शिंकतायत, त्यातल्या एकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेसाचे बुडबुडे दिसतात, आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडलीत. आधी वाटलं मारामारीचं वाळलेलं रक्त असेल. ओल्या फडक्याने पुसलं, जात नाही. रोजची पाच अंडी होती, आता एक. घरचे म्हणतात रात्रभर मोठा बल्ब लाव. लावू का? की अजून कुठे फट राहिलीय?

जुनं खोड:
ताई, फट राहिली नाही हीच तर भानगड आहे.

आज रात्री अकराला दार उघडा. उभ्याने वास घेऊ नका, वाका, आणि कोंबड्या बसतात त्या उंचीला नाक नेऊन दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर समजा, त्या बारा-बारा तास तेच ओढतायत. मग पहाटे प्लास्टिकला आतून हात लावा. तळवा ओला झाला की उत्तर मिळालं.

कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पिसं फुगवून ती आत हवा धरून ठेवते, कोरडी असेल तर बरीच थंडी काढते. तिला मारतो तो दमटपणा. श्वासाची वाफ आणि शिटेतलं पाणी (ताज्या शिटेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं) बाहेर जायला वाट नाही, मग ते छताला लागून परत त्यांच्याच अंगावर टपकतं. ओला तुरा लवकर गोठतो. शिटेतून सुटणारा अमोनिया श्वासनळी आणि डोळे जाळतो, आणि अंगात दबून बसलेला आजार डोकं वर काढतो.

तेव्हा छपराखाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना, त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर वीतभर प्लास्टिक कापा. खालचं राहू द्या, बसल्या जागी वारा लागता कामा नये. ओली गादी काढून कोरडा लाकडाचा भुसा वीतभर घाला. मूठभर उचलून दाबायचा, मूठ उघडल्यावर विस्कटला तर ठीक, गोळा राहिला तर बदला. पाण्याचं भांडं रात्री बाहेर काढा, अंधारात त्या पीत नाहीत, नुसती ओल वाढते. सकाळी कोमट पाणी द्या.

काळ्या तुऱ्याला चोळू नका, शेकू नका, कापू नका. मेलेला भाग आपोआप गळतो. मी कडाक्याच्या रात्री धड तुऱ्याला व्हॅसलीन लावते, पण खरं सांगते, त्याने माझंच समाधान जास्त होतं.

फेसवालीला आजच वेगळी करा आणि पशुवैद्याला दाखवा. बुडबुडे, डोळ्याखाली सूज, छातीत घरघर असं दिसलं तर मायकोप्लाझ्मा (श्वासाचा जंतुसंसर्ग) असू शकतो. त्यातून कोंबडी वरवर बरी होते, पण जंतू अंगात राहतात, इतरांना आणि अंड्यातून पिल्लांनाही जातात. उरलीसुरली गोळी अंदाजाने देऊ नका. औषध मिळालं की अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

रातपाळी:
बल्ब लावायचाच असेल तर आधी माझं ऐका. मी लावला होता. एक कोंबडी फडफडली, बल्ब तारेवरून घसरून भुशात पडला. करपल्याच्या वासाने जाग आली म्हणून वाचल्या. खुराड्यात धूळ, पिसं, कोरडा भुसा, सगळं पेट घ्यायलाच बसलेलं. आणि पहाटे वीज गेली की उबेला सोकावलेल्या कोंबड्या एकदम गारठ्यात. पिल्लांचं वेगळं, त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागतेच. कोळशाची शेगडी तर बंद जागेत कधीच नको, तिच्या विषारी वायूला वासही नसतो.

एक विचारतो, रात्री कोंबड्या बसतात कशावर?

माळावरून:
अंड्यांबद्दल. दिवस लहान झाला की अंडी कमी होतातच, पण ती हळूहळू. आठवड्यात पाचावरून एक म्हणजे आजार किंवा ताण असू शकतो. संध्याकाळी एकेकीला उचलून छातीच्या हाडावर बोट फिरवा. फुगलेल्या पिसांत हडकुळी कोंबडीही गुबगुबीत दिसते. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर तिला खाणं मिळत नाहीये. झोपायच्या आधी मूठभर मका टाका, रात्रभर पचत राहतो.

तलंगवाली:
रात्री अकराला गेले. वाकले, आणि मिनिटभरही थांबवेना. डोळ्यांतून पाणी. रोज सकाळी दार उघडून उभ्या उभ्या अंडी काढत होते, म्हणून मला कधी कळलंच नाही. प्लास्टिकला आतून थेंबांच्या रांगा, आणि कोंबडा बरोबर त्यांच्याखाली बसलेला.

रातपाळी दादा, त्या लोखंडी पाइपावर बसत होत्या! पहाटे मीच हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. आता चार बोटं रुंद लाकडी पट्टी सपाट ठोकलीय, कडा घासून. पहिली रात्र सगळ्या रुसून खाली बसल्या, दुसऱ्या रात्री चढल्या. बसल्या की पोटाची पिसं बोटांवर पूर्ण येतात.

आज सहावा दिवस. वर कापलंय, वास नाही, प्लास्टिक कोरडं. एकीच्या शिंका थांबल्या. फेसवालीचं औषध चालू आहे, ती मोरीत टोपलीखाली आहे आणि मला बघितलं की ओरडते. हाडावर बोट फिरवलं तर तिसरीच एक हडकुळी निघाली, जिच्यावर माझा संशयही नव्हता. तिला खाण्याच्या भांड्याजवळ बाकीच्या येऊ देत नाहीत. दुसरं भांडं लांब ठेवलंय. अंडी काल दोन.

जुनं खोड:
फेसवालीला भेटून आलात की हात धुवा, चपला बदला, मगच बाकीच्यांकडे जा. आणि तिला आधी नाही, शेवटी भेटायचं.